खोकल्याची राखण

चोर कुलपाला भीत न्हाई, खोकल्याला भितो, असं परशू गावडा ज्याला त्याला सांगायचा. त्यानंच सांगावं, कारण जन्मभर त्यानं दुसरं केलं काय? पोरवयात भातावर रानडुकरं उतरू नयेत म्हणून माळ्यावर बसून डबा बडवला. मिसरूड फुटलं तसा सुप्याच्या धरणावर सिमेंटच्या कोठीशी उभा राहिला. पुढं त्याच धरणाच्या पाण्यात त्याचं गाव गेलं. म्हणजे आपलं गाव बुडवणाऱ्या सिमेंटातलं एक पोतं चोरीला जाऊ नये म्हणून हा पठ्ठ्या चिखलात पाय रोवून राखण करत होता. त्यानंतर लाकडाचा डेपो. कुठंही गेला तरी फेरी घालताना घसा खाकरून मोठ्यानं खोकायचा. आत माणूस जागं आहे एवढं कळलं की चोर परत फिरतो, ही त्याची विद्या. कुंभारवाडा गावाच्या बाजूला सगळे त्याला राखण्या परशूच म्हणत.

त्याचं स्वतःचं घर कुंभारवाड्यापासून आत, रानात. वाडी म्हणायची, पण एका घरातून दुसऱ्या घराचं कौलसुद्धा दिसत नाही. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा परशूच्या बापानं बुडत्या घराचं फणसाचं दार चौकटीसकट काढलं, खांद्यावरून इथं आणलं आणि त्या दाराच्या मागं नवं घर उभं केलं. परशूची आई बायजा त्या दाराला रोज हात लावून मगच अंगणात उतरायची. एक घर पाण्यात गेलं, आता हे सोडून मी कुठं जायची न्हाई, असं ती म्हणायची, आणि ऐंशीच्या घरात गेली तरी तिचं म्हणणं बदललं नव्हतं.

पण औंदा रामनगरातल्या एका वाहतूकवाल्या शेटनं परशूला गोदामाच्या राखणीला बोलावलं. पावसाळ्यापुरतं काम, मागं राहायला खोली. एरवी पावसाळ्यात वाडीवर असतं काय? बस येते तर येते, नाहीतर नाही, वीज गेली की पंधरवडा तिचं तोंड दिसत नाही, आणि बायको केशर गुडघ्यानं बेजार. शेत झिलूला वाट्यानं दिलं. झिलू म्हणजे ओढ्यापलीकडचा शेजारी, परशूहून लहान, मनानं सरळ. सुगीला परत यायचं ठरलं. राहिला प्रश्न घराचा. तेवढे चार महिने घर कुणी राखायचं?

प्रश्न खोटा नव्हता. माणसं उठून गेलेल्या घरांचं काय होतं ते परशूनं पाहिलं होतं. आधी तांब्याची भांडी जातात, मग कौलं, आणि शेवटी दारं-खांब. कुणी टेम्पो लावतो आणि घरच सोलून नेतो. बापानं खांद्यावरून आणलेलं ते दार गोव्यातल्या कुठल्या हॉटेलाला शोभेला लागायचं, ही परशूची धास्ती होती.

जन्मभर राखण केलेला माणूस, त्यानं एकेक उपाय हातात घेतला आणि टाकून दिला. मोठं कुलूप? दाराला कुलूप घालशील, कौलाला काय घालशील? कुत्रं? साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. मुलगा योगेश गोव्याच्या घाटात टेम्पो चालवायचा, त्यानं फोनवरून कॅमेरा सुचवला. तिथं माणसाला रेंज मिळत नाही, कॅमेऱ्याला कुठली मिळणार? झिलूला झोपायला सांगावं तर तो एकटा झोपणारा गडी नव्हे, दोस्त येणार, बाटली येणार, आणि चोरानं न्यायचं ते हेच फस्त करणार.

तेव्हा बायजा चुलीपुढनं म्हणाली, "मग मला ठेव की राखणीला. खोकला तर मला रातभर हायच. पगार नगं, कापड नगं."

केशर हसली, परशूही हसला. म्हातारी हसत नव्हती. परशूनं मग तिला समजावलं, की आये, लोक थुंकतील माझ्या तोंडावर, बायकोला घेऊन गेला आणि आईला राखणीला ठेवून गेला म्हणतील. लोकांचं त्याला लागून राहिलं. म्हातारीचं मन काय म्हणतंय हे काही त्यानं विचारलं नाही.

शेवटी त्यानं निवडली ती गावाची जुनी राखण. घर काही दिवस बंद राहायचं असलं की गावकार, म्हणजे गावाचा मानकरी, येतो, शिवेवरच्या पाईक देवाला गाऱ्हाणं घालतो आणि दारावर तांबड्या फडक्यात नारळ बांधतो. त्या घरात मग पाईक राहायला येतो. उंबरा ओलांडायची कुणाची छाती होत नाही. ज्यानं नारळ बांधला त्यानंच तो सोडायचा. आणि अशा बंद घरातून हाक आली तरी ओ द्यायची नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खर्च म्हणाल तर एक नारळ आणि गावकाराला चहा. कुलपाहून स्वस्त, माणसाहून पक्कं.

कान्हू गावकार आला. रीतीप्रमाणे त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं, की बा पाईका, घरचं माणूस सोडून दुसरं कुणी हा उंबरा ओलांडील तर त्याला जागच्या जागी धर. तिथं परशूनं त्याला अडवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते असं. परशूचं म्हणणं, डेपोत एवढी वर्षं काढली, चोर नेहमी घरचाच निघतो. चुलतभाऊ आहेत, भाचे आहेत, उद्या कुणीही येऊन मी घरचाच म्हणेल. तर देवाला नीट सांग.

कान्हू कचरला. घरच्यांना कुणी शपथेत बांधून घेत नाही, म्हणाला. परशू हटला नाही. मग कान्हूनं त्याच्याच तोंडून ते वदवून घेतलं. परशूनं नारळावर हात ठेवला आणि अंगणात सगळ्यांदेखत बोलला, "घरचा असो, दारचा असो, मी सोता असो, राखण मोडील त्याचा वंश बुडू दे."

बायजा तुळशीपाशी गाठोडं घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं आणि वाटेला लागली.

रामनगरातली खोली गोदामाच्या पाठीला. पुढं बेळगाव-गोव्याचा रस्ता, दिवसरात्र ट्रकांची घरघर, हवेत सिमेंटची धूळ. बायजाचा खोकला तिथं दुप्पट झाला. परशू रात्रभर गोदामाला फेऱ्या घालायचा, पगार घेऊन खोकायचा, आणि सकाळी येऊन आडवा झाला की म्हातारी फुकटात खोकायला लागायची. तिनं तोंडात पदर कोंबला, दारात जाऊन बसली, गूळ चघळला. खोकला थोडाच कुणाच्या सांगण्यानं थांबतो? रोज ती केशरला विचारायची, पाऊस कधी सरेल गे? केशर म्हणायची, आत्ता तर लागलाय.

एका सकाळी परशू भिजून, कावून आला. अंग टेकलं नाही तोच म्हातारीला उबळ आली. तो पांघरूण फेकून ओरडला, "आये, रातभर दुसऱ्याचं राखून येतोय मी. दिवसा तरी झोपू दे की! कुठं तरी लांब जाऊन खोक!"

झोपेच्या तिरमिरीत बोललेलं, तो कूस बदलून घोरायलाही लागला. केशर बाजाराला गेली होती. ती परतली तेव्हा म्हातारी खोलीत नव्हती. गाठोडंही नव्हतं.

कुठं गेली असेल? परशूनं आधी रामनगर पालथं घातलं, बसस्टँड, देऊळ, दवाखाना. वाडीचं मनात आलं नाही असं नाही. पण संध्याकाळी झिलूचाच फोन आला. तो भाताला खत आणायला कुंभारवाड्याला आला होता, आणि टेकावर रेंज मिळाली की परशूला घराची खबर द्यायची असं त्यांचं ठरलेलं होतं. परशूनं पहिलं विचारलं ते हेच, आई तिकडं आलीया का? झिलू म्हणाला, न्हाई बा, कोण यायचं? नारळ जसाच्या तसा हाय. झिलू खोटं बोलत नव्हता. बायजा वाडीवर पोचायची होती अजून.

परशूनं मग खानापूरकडं बहिणीच्या गावाला बस धरली. बहीण बाळी हिच्याकडं जाते जाते असं म्हातारी रागावली की म्हणायची. बाळीकडं ती नव्हती. बाळीनं छाती बडवली, भावाला नाही नाही ते बोलली, आणि मग दोघं मिळून नात्यातली गावं फिरली. आपण काय बोललो ते परशूला आता शब्दनशब्द आठवत होतं, आणि ते त्यानं बाळीला सांगितलं नाही.

त्यातच झिलूचा पुन्हा फोन आला. आवाजात भीतीही होती, कौतुकही होतं. अण्णा, म्हणाला, राखण जबरी बसलीया. कौलातनं धूर निघतोय. आत कुणीतरी चालल्यावानी वाटतंय, आणि खोकतोय गा तुझा पाईक, अगदी तुझ्यावानी खोकतोय. आम्ही सगळ्यांनी ती वाटच सोडलीया, वरनं जातोय.

आता सांगा, काखेत कळसा म्हणतात तो आणखी कसा असतो? आईला शोधत दारोदार फिरणाऱ्या या माणसाला त्या क्षणी काय वाटलं असेल? त्याला बरं वाटलं. घर तरी शाबूत आहे असं वाटलं. खोकल्याला चोर भितो हे आपलं म्हणणं देवालाही पटलंय, अशी एक मूर्ख फुशारकी त्याच्या मनाला चाटून गेली. त्यानं झिलूला सांगितलं, जाऊ नका तिकडं कुणी.

मग दोन-चार दिवसांनी तिसरा फोन. या वेळी झिलू दबक्या आवाजात बोलत होता. अण्णा, राखणदार हाक मारतोय. माझं नाव घेऊन मारतोय. झिल्या, पाणी दे म्हणतोय. मी काय ओ देतोय? तांब्या भरून अंगणात तुळशीपाशी ठेवला, पाया पडलो आणि माघारी न बघता आलो.

परशूनं काही सांगायच्या आत टेकावरची रेंज गेली. झिलू चांगला चार पोरांचा बाप, त्याला गावात कुणी झिल्या म्हणत नव्हतं. म्हणायची ती एकटी बायजा. आणि पाईकाला पाणी कशाला लागतंय?

तो मिळेल त्या गाडीनं, उरलेलं पायी, असा दुपारी वाडीवर पोचला. पाऊस उघडला होता. घर बंद. दारावर तांबड्या फडक्यातला नारळ, कुलूप तसंच. तुळशीपाशी पाण्याचा तांब्या भरलेला, वर पानं पडलेली. परशू मागच्या दाराकडं धावला. तेही आतून अडसर घालून बंद, त्यानंच घातलेला तो अडसर. मग ही आत गेली कशी?

राखण्या परशूला आपल्याच घरातली एक गोष्ट ठाऊक नव्हती. मागच्या दाराच्या फटीतून विळ्याचं टोक घालून अडसर उचलता येतो, ही त्या घरच्या बायकांची युक्ती. डोक्यावर लाकडाचा भारा, कडेवर घागर, आतून दार उघडायला कुणी नाही, तेव्हा सासूनं सुनेला शिकवायची आणि सुनेनं तिच्या सुनेला. गोठ्याच्या वळचणीला त्यासाठी एक विळा खोचलेला असायचा. पुरुषांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. केशरला ठाऊक होतं, पण केशर रामनगरात होती.

बायजा तशीच आत गेली होती, अंधार पडताना, भिजत, कुणी पाहिलं नाही अशी. आणि पुढच्या दाराला ती शिवली नव्हती. मागच्या दाराला उंबरा नाही, ते जमिनीला टेकलेलं. लेकानं उंबऱ्याची शपथ घातलीय, तर आपण उंबरा ओलांडायचा नाही, म्हणजे त्याच्या वंशाला बाध यायचा नाही, एवढा साधा हिशेब तिनं केला आणि अडसर पुन्हा घालून घेतला. सुरुवातीला ती लपूनच राहिली असणार, कुणी परशूला सांगितलं तर तो परत त्या धुळीत नेईल म्हणून. कणगीत तांदूळ होता, शिंक्यात सुकी मासळी होती. मग ताप चढला असणार, उठून दारापर्यंत जाणं होईना झालं असणार. मग तिनं हाका मारल्या.

परशूनं दारावर थापा मारल्या, आये, आये करून हाक घातली. आवाज नाही. गोठ्यातली कुऱ्हाड त्यानं उचलली तेवढ्यात झिलू आला, त्याच्यामागून वाडीतली आणखी माणसं आली, आणि सगळी अंगणाच्या कडेला थबकली. झिलूनं तिथूनच हात जोडले. कान्हू गावकार जोयड्याला कचेरीत गेलाय, दुपारच्या बसनं येईल, तवर थांब म्हणाला. नारळ सोडल्याबिगर दाराला हात लावू नकोस, आत कोण हाय ते कुणाला ठावं. आणि तू काय बोललास ते आम्ही ऐकलंय.

वंश बुडू दे. परशूचा वंश म्हणजे योगेश, आणि योगेश त्या वेळी कुठल्या तरी ओल्या घाटात वळणावर असणार. कुऱ्हाड हातात होती आणि हात वर जात नव्हता.

तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. बारीक, एकदाच. अंगणातल्या सगळ्यांनी हात जोडले. परशूनं तो खोकला ओळखला. जन्मापासून ऐकलेला खोकला, तो ओळखायला त्याला काय पाईक लागत होता? तो दारापर्यंत गेला, फणसाच्या फळीला त्यानं कपाळ टेकलं, आणि आत बोलला, "आये, जरा दम धर गे. कान्हू येतोय."

आणि कुऱ्हाड भिंतीला लावून तो उंबऱ्याच्या अलीकडं बसला. होय, बसला. लाथ घातली असती तर ते दार, कितीही फणसाचं असलं तरी, पाचव्या लाथेला उघडलं असतं. दुसऱ्याच्या सिमेंटसाठी, दुसऱ्याच्या लाकडासाठी जन्मभर उभा राहिलेला माणूस स्वतःच्या आईच्या दारात राखणीला बसला. आतून पुन्हा आवाज आला नाही. झोप लागली असेल, असं तो स्वतःला सांगत राहिला.

बस आली, कान्हू आला. त्यानं हातपाय धुतले. घाई कर असं परशू एकदा म्हणाला, पण अर्धं गाऱ्हाणं म्हणजे देवाचा अपमान, कान्हूनं ते सबंध घातलं. नारळ सोडला, तांदूळ उधळले, पाईकाला वाटेला लावलं. मग परशूनं कंबरेची किल्ली काढली. कुलूप पावसानं गंजलं होतं, ते उघडायलाही वेळ लागला.

बायजा चुलीपाशी एका कुशीवर पडली होती. तोंड पुढच्या दाराकडं होतं. विळा तिनं आतच, अडसराच्या बाजूला नीट टेकवून ठेवला होता. परशूनं तिला मांडीवर घेतलं. अंग अजून गार पडलं नव्हतं. चुलीतली राख कोमट होती. घागर उपडी होती, त्यात थेंब नव्हता.

बाकी घरात काही हललं नव्हतं. तांब्याचा हंडा मोरीवर, पितळी समई देव्हाऱ्यात, कौल न कौल जागच्या जागी. माणसं हळूहळू आत आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. झिलूच्या डोळ्यांना धार लागली होती, तो तुळशीपाशी जाऊन पाण्याचा तो तांब्या घेऊन आला, आणि परशूनं त्यातलं पाणी बोटानं आईच्या ओठाला लावलं. दातांवरून ते बाहेर ओघळलं.

झिलू त्याच्याशेजारी बसला. पाठीवर हात ठेवून काहीतरी धीराचं बोलायचं म्हणून बोलला, "राखण मातर पक्की होती, अण्णा. एक माणूस उंबऱ्याच्या आत आला न्हाई."

त्याच्या थोबाडीत मारावी असं परशूला वाटलं. पण झिलू खोटं बोलत नव्हता, आणि परशू त्या तांब्याकडं बघत तसाच बसून राहिला.